भिंतीकडून धरलेला हात

१

शिराळ्यात पायगोंडा डॉक्टरांचा फिजिओथेरपीचा दवाखाना खताच्या दुकानाच्या माडीवर होता, आणि त्या दवाखान्यात मोजणं सोडून सगळं व्हायचं. शेक व्हायचा, करंट लागायचा, पावडर टाकून चोळलं जायचं, डॉक्टरांच्या शिखरजीच्या यात्रेचं वर्णन व्हायचं. पण सांधा किती वाकतो, किती सरळ होतो हे बघायची वेळ आली, की डॉक्टर दारातूनच एक डोळा बारीक करायचे, उभा ऊस बघून टनेज सांगणाऱ्या माणसासारखे, आणि फाइलवर लिहायचे : ९०. पुढच्या आठवड्यात ९५. त्याच्या पुढच्या आठवड्यात १००. पंचवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेला एकही गुडघा कधी ९३ वर थांबला नव्हता.

भरतेशला या माणसाचा तिटकारा होता, आणि त्याच माणसाच्या दवाखान्यात तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सात राबत होता. शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून आलेल्याला दुसरं कोण दारात उभं करणार? कॉलेजात एक प्रोजेक्ट होता. दोघांनी एकमेकांचं न बघता तोच सांधा मोजायचा आणि आकडे किती जुळतात ते बघायचं. दुसरा मोजणारा उगवलाच नाही. विभागप्रमुखांनी पहिल्याचे आकडे समोर ठेवून, एक-दोन अंश इकडेतिकडे करून दुसऱ्याचा रकाना भरायला लावला आणि खाली 'विश्वासार्हता उत्तम' असं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं. भरतेशनं भर वर्गात विचारलं, "सर, हे मोजलं कुणी?" माफीचं पत्र दे म्हणाले. तो बॅग उचलून आष्ट्याला घरी आला. वडील म्हणाले, "एक पत्र लिहायला तुझं काय जात होतं?"

तेव्हापासून तो वडिलांशी कामापुरतं बोलायचा. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना एकच रोग असतो, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. खरा आकडा त्यांना ऐकवत नाही.

२

सांधा मोजायला चार हात लागतात आणि फिजिओला दोनच असतात. कोपरच घ्या. पेशंटला उताणं झोपवायचं, दंडाखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. कोपराच्या वर दंड दाबून धरायचा, नाहीतर खांदा उचलला जातो आणि हात सरळ झाल्याचा नुसता भास होतो. मनगट हळूहळू खाली न्यायचं, अडेल तिथं थांबायचं आणि तिथंच धरून ठेवायचं. हे झाले दोन हात. मग दोन पट्ट्यांची ती प्लास्टिकची कोनमापी कोपराच्या हाडावर टेकवायची, एक पट्टी दंडाच्या रेषेत, दुसरी मनगटाच्या रेषेत. त्याला आणखी दोन.

म्हणून भरतेश सुलाबाईंना बोलवायचा. सुलाबाई दवाखान्यात झाडलोट करायच्या, गरम पाण्याच्या पिशव्या भरायच्या आणि येईल त्या पेशंटला त्याच्या जातीकुळीसकट ओळखायच्या. भरतेश कोनमापीवर मान घालून म्हणायचा, "धर." त्या अरे-तुरेचा सुलाबाईंना पहिल्या दिवशी राग आला, दुसऱ्या दिवशी सवय झाली. त्या धरायच्या, पण कशा? एक हात पेशंटच्या दंडावर, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात सुनेच्या बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो.

"सुलाबाई, दोन्ही हात."

"धरलंय की रं बाबा. कुठं पळून चाललाय त्यो हात?"

भरतेश प्रत्येक सांधा तीनदा मोजायचा. दर वेळी हात पूर्ण मोकळा सोडून, पुन्हा पहिल्यापासून. बावीस. सत्तावीस. चोवीस. पाच अंशांची तफावत, आणि तीही एका माणसाच्या, एका दुपारच्या, एका कोपराची. सुलाबाईंच्या हाताला कंप होता. भरतेशला वाटायचं, या तालुक्यात सरळ धरून उभं राहणारं एक माणूस नाही.

३

नागपंचमी होऊन आठवडा झाला होता तेव्हा सुभेदार लालासाहेब आपल्या पोराला घेऊन आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी जिना चढताना ते पावलं मोजल्यासारखी टाकायचे. पोराचं नाव जयराज. भरतीत तो धावण्यात पहिला, लेखी पास, आणि मेडिकलला डाव्या कोपरावर अडकला. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. महिन्याभरानं पुन्हा तपासणी, आणि तीच शेवटची, कारण पुढच्या भरतीला तो वयात बसत नव्हता.

कोपर दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. लालासाहेबांनी त्याला दवाखान्यात न नेता हाड बसवणाऱ्याकडं नेलं होतं. का, तर त्याच माणसानं त्यांच्या खिलारी बैलाचा पाय बसवला होता.

भरतेशनं तीनदा मोजलं.

"किती हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"चोवीस बाकी आहे. चोवीस अंश गेले की हात सरळ."

"डाक्टरांनी तर पंधरा लिवलंय."

"डॉक्टरांनी मोजलं नाही. बघितलं."

"आवं कंपाउंडर, त्यांची नजर तुमच्या वयापरीस जुनी हाय."

"म्हणूनच सांगतोय."

जयराज हसला आणि बापाच्या नजरेसरशी गप्प झाला. वीस वर्षांचा, काटक, कान बाहेर आलेले. लालासाहेबांनी मग कौतुकानं सांगितलं, की घरी ते रोज त्या हाताला पाण्यानं भरलेली कळशी अर्धा तास लटकवतात. भरतेशचं डोकं फिरलं. कोपर असं ओढून सरळ होत नाही. जास्त ताणलं तर आतल्या मांसातच हाड धरतं आणि मग ते कायमचं जाम होतं. हे त्यानं शांतपणे सांगायचा प्रयत्न केला, पण शेवटी "बैल आहे का तो?" असं त्याच्या तोंडून गेलंच.

लालासाहेब खाली गेल्यावर जयराज टेबलावरून उतरला. "दादा," तो म्हणाला, "झालं न्हाई तर मला त्येंच्याबरोबर घरात ऱ्हावं लागंल. सगळा जनम. एवढं बगा."

४

पाचव्या सिटिंगला ते झालं.

सोमवारचा बाजार होता. खालून भाजीवाल्यांचा गलका वर येत होता. वर पंखा तीन नंबरवर, शेकाच्या मशीनची टिकटिक. जयराज टेबलावर उताणा. ते टेबल उजव्या अंगानं भिंतीला पार चिकटवलेलं होतं, मधे उशीचा अभ्रा अडकला तरी ओढून काढावा लागायचा. भरतेश अलीकडच्या बाजूला, जयराजच्या डाव्या हाताशी, स्टुलावर. कोनमापीची खीळ त्यानं कोपराच्या हाडावर टेकवली आणि मान खाली घालूनच म्हणाला, "धर."

दंड खाली बसला. मनगट हळू खाली गेलं आणि जिथं अडायचं तिथं अडलं. अजिबात न थरथरता.

चोवीस. त्यानं लिहिलं, हात सोडायला लावला, मोकळा केला, पुन्हा म्हणाला, "धर." चोवीस. तिसऱ्यांदा. चोवीस.

तीन वेळा तोच आकडा त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. त्याचं मन एकदम भरून आलं. "वा, सुलाबाई," तो म्हणाला. "शिकलात की."

जिन्यात चपला वाजल्या. सुलाबाई चहाची किटली घेऊन धापा टाकत वर आल्या. "काय म्हणालास? त्या टपरीवर मेली ही गर्दी..."

भरतेशनं टेबलाकडं बघितलं. जयराजचा हात अजून तसाच होता, चोवीस अंशांवर, टॉवेलच्या वर, हवेत. मग तो हळूच, कुणीतरी जपून ठेवल्यासारखा, टेबलावर टेकला.

५

स्पष्टीकरण सोपं होतं. पोरानं स्वतःच धरला. स्नायू ताठ करून हात एका जागी ठेवता येतो, त्यात काय? भरतेशनं चहा पिता पिता स्वतःला हे सांगितलं आणि ते पटलंही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुलाबाई बाहेर असतानाच मोजायला घेतलं. आधी जयराजला डोळे मिटायला लावले, श्वास सोडायला लावला, आणि बायसेप्सच्या दोरीवर बोट ठेवलं. दोरी सैल होती, झोपलेल्या माणसासारखी. "धर," तो म्हणाला.

हात बसला. बोटाखालची दोरी सैल ती सैलच.

"दादा," जयराज डोळे मिटूनच म्हणाला, "तुमचं हात लय गार हायत. फ्रिजमधनं काढल्यागत."

भरतेशचं एक बोट त्याच्या दंडाच्या पुढच्या बाजूला होतं. दुसऱ्या हातात कोनमापी होती.

गुरुवारी त्यानं पावडर आणली. मालिशची साधी पांढरी पावडर. जयराजच्या दंडावर आणि मनगटावर त्यानं ती हलक्या हातानं भुरभुरवली, फुंकर मारून सारखी केली. "हे कशाला?" "घाम शोषायला." मग स्वतःचे दोन्ही हात कोनमापीवर ठेवून तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही, "धर."

एकवीस. एकवीस. एकवीस.

हात खाली टेकल्यावर त्यानं पावडर बघितली. कोपराच्या चार बोटं वर, बरोबर जिथं धरायला शिकवतात तिथं, पावडर पुसली गेली होती. चार लांबट खुणा भरतेशच्या बाजूला, अंगठ्याची एक छातीच्या बाजूला. मनगटावरही तसंच.

त्यानं स्वतःचा हात त्यावर धरून बघितला. अलीकडून धरलं की अंगठा अलीकडं येतो आणि बोटं पलीकडं जातात. बोटं अलीकडं यायची तर धरणारा पलीकडून वाकलेला पाहिजे. पलीकडं भिंत होती. चुना, त्यावर जुन्या कॅलेंडरचा खिळा आणि पंख्याची फिरती सावली.

मग त्याला हसू आलं. जयराजचा उजवा हात! पोरगं डोळे मिटून उजव्या हातानं डावा धरतंय, दुसरं काय! उजव्या हातानं धरलं तर खुणा अशाच येणार. "उजवा हात दाखव रे."

जयराजनं मानेखाली घातलेला उजवा हात ओढून काढला. मुंग्या आल्या होत्या म्हणून तो झटकला. त्याच्यावर पावडरीचा कण नव्हता. आणि एका हातानं दंड आणि मनगट एकाच वेळी कसं धरणार, हे भरतेशच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. ते आलं संध्याकाळी, एसटीत, इस्लामपूरच्या पुढं.

६

शहाण्या माणसानं तिथं थांबायला हवं होतं. भरतेश थांबला नाही, आणि ते भीती वाटली नाही म्हणून नव्हे. एकवीसनंतर अठरा आलं होतं. अठरानंतर पंधरा. पायगोंडा डॉक्टरांनी दारातून बघून फेकलेले आकडे नव्हते हे. तीन-तीनदा मोजलेले, केसाचाही फरक नसलेले. कुठल्याही विभागप्रमुखाच्या टेबलावर आपटावेत असे.

कॉलेजात त्याला कुणी धरणारं भेटलं नव्हतं. घरात नव्हतं. इथं भेटलं. न बोलणारं, न थरथरणारं, आपली यात्रा न सांगणारं. तो आता जयराजच्या वेळेला सुलाबाईंना मुद्दाम चहाला पाठवायचा.

"आत्ताच पिलास की रं."

"अजून आणा."

"तुज्या पोटात काय चहाची चूल हाय का काय?" त्या दारात घुटमळल्या. "भरतेश, एक सांगू? परवा मी त्या पोराचा हात धरलावता. फोन वाजला म्हणून दोन्ही हात सोडलं. तरी तुझं आपलं चाललंच, पंधरा, पंधरा. मी म्हणलं, आता ह्यो कुणाला धरायला सांगतोय?"

"म्हणजे तुम्ही धरत नव्हता हे कबूल करताय."

सुलाबाईंनी पदर खोचला. "व्हय बाबा," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं." आणि किटली घेऊन खाली गेल्या. त्यानंतर तो आत असताना त्या त्या खोलीत आल्या नाहीत. फरशी उंबऱ्यापर्यंतच पुसायच्या.

आकडा नऊ अंशांवर आल्यावर एक बदल झाला. भरतेशला तो हाताला आधी कळला, मनाला नंतर. आतापर्यंत मनगट अडलं की थांबायचं. आता ते अडल्यावरही किंचित खाली जात राहायचं. काटा नऊवरून आठवर सरकताना तो बघत बसायचा. कोपरातून बारीक आवाज यायचा, ओली दोरी पिळल्यासारखा. जयराजच्या कपाळावर घाम, ओठ दाताखाली.

"दुखतंय?"

"न्हाई."

"खोटं बोलू नकोस."

"दुखतंय. पर सोडू नगा. दादा, सोडू नगा."

लटकवलेल्या कळशीवरून ज्या माणसानं सुभेदाराला 'बैल आहे का तो?' म्हणून सुनावलं होतं, तो स्टुलावर बसून म्हणाला, "ठीक आहे."

७

पुण्याच्या मेडिकलच्या आदल्या दिवशी लालासाहेब स्वतः बघायला आले. पायगोंडा डॉक्टरही खुर्ची ओढून बसले. भरतेशला या दोघांसमोर मोजायचं नव्हतं. तो म्हणाला, सुलाबाई आजारी आहेत, धरायला कोणी नाही.

"मी धरतो की," लालासाहेब म्हणाले आणि पुढं झाले.

"तुम्ही नको," भरतेश एवढ्या जोरात म्हणाला की डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यानं कोनमापी लावली. ओठ हलवले, आवाज काढला नाही.

दंड बसला. मनगट खाली गेलं. चार, तीन, दोन. लालासाहेब वाकून बघत होते आणि त्यांना एवढंच दिसत होतं, की पोरगं स्वतःच्या हिमतीवर हात सरळ करतंय. शून्य.

"शाब्बास!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "लालासाहेबाचं पोरगं हाय!"

डॉक्टरांनी फाइलवर शून्य लिहिलं आणि खाली सही केली. "मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "केस चांगली आहे."

भरतेश तेव्हा काटा बघत होता. काटा शून्याच्या पलीकडं एक रेघ गेला होता. मग दोन. त्यानं झटकन कोनमापी काढून घेतली आणि हात आपटल्यासारखा टेबलावर पडला. जयराज हसत होता, रडत होता, आणि दुसऱ्या हातानं दंड चोळत होता.

तो पास झाला. पेढ्यांचा बॉक्स आला, डॉक्टरांच्या नावानं. सुलाबाईंना दोन पेढे मिळाले, भरतेशला एक.

जयराज ट्रेनिंगला गेला त्या आठवड्यात भरतेशकडं एका शिक्षिकेचा खांदा आला. दार लावून, सुलाबाईंना न बोलावता, तो सवयीनं म्हणाला, "धर." बाईंचा हात धपकन खाली पडला. त्या किंचाळल्या. भरतेशनं माफी मागितली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटत नाहीये. खोली नुसती खोली झाली होती. भिंत नुसती भिंत.

८

दीड महिन्यानं, दुपारी, जयराजचा फोन आला.

"दादा, जेवलासा?"

"हो. तू? कसं चाललंय?"

"सावधानला सगळ्या कंपनीत माझा डावा हात सरळ. ड्रिलचं उस्ताद पयल्यांदा खूश हुतं." तो थांबला. मागं कुणीतरी शिट्टी मारत होतं. "आता नऊ दिस झालं, वाकतच न्हाई."

भरतेशला कळशी आठवली. हाड धरलं असणार. त्यानं भराभर विचारलं, सूज आहे का, लाल आहे का, एक्स-रे काढला का.

"काढला. कायच न्हाई म्हनत्यात. सगळं चांगलं हाय. इथलं डाक्टर म्हनलं, तू मुद्दाम करतूयास, ट्रेनिंग झेपंना म्हणून. सोमवारी मेडिकल बोर्ड हाय. घरी लावून देतील. बहाणेबाज असा शेरा मारून." आवाज बारीक झाला. "आबा फोनवर म्हनलं, हात वाकीव न्हाईतर तोंड दावू नगंस. एका हातानं जेवतो, दादा. बुटाचं बंद दुसऱ्याकडनं बांधून घेतो."

भरतेशनं खोलीचं दार लावून घेतलं.

"दादा, एक इचारू? रागवू नगा."

"विचार."

"तुमी हात कवा काढून घेनार?"

९

सोमवारच्या बोर्डाआधी पोराचं सोंग मोडायला लालासाहेब ट्रेनिंग सेंटरला निघाले, आणि भरतेशला त्यांनी मिरजेहून रेल्वेनं बरोबर नेलं. सतरा तास. लालासाहेब सतरा तास बोलत होते. त्यांच्या काळात कसं होतं, उस्तादानं त्यांचे दात कसे पाडले होते आणि त्याबद्दल ते उस्तादाचे कसे ऋणी आहेत. भरतेशनं खिडकीला डोकं टेकवून झोपेचं सोंग घेतलं.

भेटीची खोली लांबट होती, खुर्च्या भिंतीलगत. जयराज आत आला तेव्हा भरतेशला आधी तो हात दिसला. बाकीचं अंग चालत होतं, हात नेला जात होता. खांद्यापासून बोटांपर्यंत एक रेघ. कोपराशी ती रेघ किंचित मागं झुकलेली.

"आलं बगा सोंग," लालासाहेब म्हणाले. "वाकीव."

"आबा, वाकत न्हाई."

"वाकीव म्हनतो न्हवं!"

"तुम्ही बाहेर थांबा," भरतेश म्हणाला.

"मी बाप हाय त्येचा."

"दिसतंय ते."

लालासाहेब खोलीतच राहिले, दाराशी, हाताची घडी घालून. भरतेशनं जयराजला खुर्चीत बसवलं. बाही वर सारली. कातडी स्वच्छ होती. पण कोपराच्या वर मांस चार जागी आत गेलेलं होतं, बोट रुतावं तेवढं. मनगटाशीही तसंच. त्या खळग्यांच्या कडा हलत होत्या, अगदी सावकाश, जशी बराच वेळ धरून थकलेला माणूस पकड बदलतो.

तो मनात म्हणाला, सोड. मग ओठांनी. मग मोठ्यानं, "सोड!"

"कुनाला म्हनताय?" लालासाहेब म्हणाले.

काही झालं नाही. भरतेशनं आपला हात पुढं केला, दंड धरायला. कोपराच्या चार बोटं वर. आणि तिथं जागा नव्हती.

कातडी दिसत होती, तिच्यावरची लव दिसत होती, पण त्याची बोटं तिथवर पोचली नाहीत. मधे काहीतरी होतं, थंड, कडक, सांध्यासांध्याचं. त्यानं डोळे मिटून चाचपलं, जसं कॉलेजात डोळे मिटून हाडं ओळखायला शिकवतात. चार बोटं. बाहेरून. अंगठा छातीकडं. अचूक पकड होती. इतके दिवस तो सुलाबाईंना जी पकड शिकवत आला होता ती, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ती तशीच्या तशी धरली होती. त्या धरणाऱ्याला कुणी सोडायला शिकवलेलंच नव्हतं.

जयराज त्याच्या तोंडाकडं बघत होता. सोमवारचा बोर्ड, आबा, घर, सगळं त्या नजरेत होतं.

"मला धर," भरतेश म्हणाला.

बोटांखाली एक बोट उचललं गेलं. मग दुसरं.

"आबा!" जयराज ओरडला. त्याचं कोपर वाकलं. त्यानं ते पुन्हा सरळ केलं, पुन्हा वाकवलं, त्याच हातानं नाक पुसलं, त्याच हातानं बापाचे पाय धरले. लालासाहेबांनी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि मग त्याला छातीशी ओढलं.

"बगितलं? बहाणाच हुता," ते भरतेशला म्हणाले. "बाप समोर आला, सुटला हात. तुमाला उगाच येवढ्या लांब आणलं, कंपाउंडर."

भरतेश भिंतीलगत उभा होता आणि त्याचा उजवा हात समोर लांब झालेला होता, ताठ, कुणाला तरी वाट दाखवल्यासारखा.

"चला, गाडी गाठायचीय," लालासाहेब म्हणाले. "आवं, हात खाली घ्या की आता."